नंबर तोच, माप वेगळं

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. घरी मराठी आणि शाळेत मराठी बोललं की दंड, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ हा माझ्यासाठी एम-थ्रीपेक्षाही अवघड पेपर आहे. तरी हा लेख मराठीतच लिहितेय, कारण ज्याबद्दल लिहायचंय ते मला मिरजेच्या एका डॉक्टर मॅडमनी मराठीत समजावलं आणि तेव्हाच ते पहिल्यांदा डोक्यात शिरलं. चुका संपादकांनी दुरुस्त कराव्यात. ज्या राहतील त्या त्यांच्या!

विषय आहे कॉन्टॅक्ट लेन्स. आपल्या दोन्ही हॉस्टेलमध्ये मिळून लेन्स वापरणारे बरेच जण आहेत. त्यातल्या किती जणांच्या डोळ्यांचं माप कुणी घेतलंय, हे मी गेलं वर्षभर विचारत फिरतेय. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "माप? नंबर सांगितला की देतात ना!" मलाही तसंच वाटायचं.

दहा मिनिटांत लेन्स

माझा नंबर उजव्या डोळ्याला उणे ५.५० आणि डाव्याला उणे ४.७५, शिवाय डाव्याला १.२५ सिलिंड्रिकल. पाचवीपासून मी 'ढापणी'. मेसच्या गरम आमटीवर वाकलं की सगळं जग धुक्यात, आणि अंघोळीला गेलं की बादली कुठे, मग कुठे! सेकंड इयरला गॅदरिंगच्या कोळीनृत्याची प्रॅक्टिस चालू असताना गिरकी घेतली आणि चष्मा उडून थेट बघणाऱ्यांच्या पायाशी जाऊन पडला. त्याच संध्याकाळी ठरवलं, आता लेन्स घ्यायचीच.

बाजारातल्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने चष्मा घेतला, एका यंत्राखाली धरून नंबर काढला आणि ड्रॉवरमधून दोन छोट्या डब्या माझ्यापुढे ठेवल्या. "नंबर सेम टू सेम आहे. सिलिंड्रिकल थोडाच आहे, चालतंय. साइज सगळ्यांना हाच बसतोय." आरशासमोर उभं करून एक लेन्स त्याने घालून दाखवली, दुसरी मी घातली. सगळं मिळून दहा मिनिटं. त्याने माझा चष्मा तपासला. माझा डोळा मात्र कुणीच तपासला नाही, आणि हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

गंमत म्हणजे लेन्स अगदी आरामात बसल्या. "डोळ्यात काही घातलंय असं वाटतच नाही!" असं मी अख्ख्या विंगला सांगून आले. डाव्या डोळ्याने फळ्यावरचा ३ कधीकधी ८ दिसायचा आणि संध्याकाळी दोन्ही डोळे लाल व्हायचे. म्हटलं, होईल सवय.

हिरवा ठिपका

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी आठला घातलेल्या लेन्स रात्री दोनला खोलीवर आले तरी डोळ्यातच होत्या. तशीच झोपले. सकाळी उठले तर उजवा डोळा उघडेना. लेन्स कशीबशी काढली, बेसिनच्या नळाखाली धुतली आणि ग्रुप फोटो होता म्हणून परत घातली. (हो, फोटोसाठी.) दुपारपर्यंत खिडकीतला उजेड सुईसारखा टोचायला लागला. शेजारच्या खोलीतून गुलाबपाणी आलं. तिसऱ्या खोलीतून थेंबांची अर्धी बाटली आली, तिच्या भावाचे डोळे आले होते तेव्हाची उरलेली.

माझी रूमपार्टनर कोल्हापूरची. तिने ती बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "डोळा टोमॅटोगत झालाय की गं! हे काय घालू नकोस. चल, मी येतो तुझ्याबरोबर." (कोल्हापुरात मुलीसुद्धा 'येतो-जातो' म्हणतात, हे मला कॉन्व्हेंटने शिकवलं नव्हतं.) आणि तिने मला रिक्षात घालून सांगलीहून मिरजेला नेलं.

मॅडमनी स्लिट लॅम्पसमोर हनुवटी टेकवायला सांगितली. स्लिट लॅम्प म्हणजे डोळ्याचा मायक्रोस्कोप, त्यातून प्रकाशाची एक बारीक फट डोळ्यावर पडते. त्यांनी पिवळ्या रंगाच्या औषधाची पट्टी डोळ्याला लावली. या रंगाचं नाव फ्लुरोसीन. कॉर्नियाचं वरचं आवरण जिथे फाटलंय तिथे तो शिरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. माझ्या डोळ्यात बाहुलीच्या खालच्या बाजूला एक हिरवा ठिपका चमकत होता. मॅडमनी तो आधी रूमपार्टनरला दाखवला आणि मग मला शांतपणे म्हणाल्या, "बाळा, हा कॉर्नियाचा अल्सर आहे. दोन-तीन मिलीमीटर वर असता ना, तर नजरेच्या बरोबर मध्यावर डाग पडला असता."

बधिर करणारे थेंब घालून त्यांनी जखमेवरचा नमुना तपासणीला घेतला आणि अँटिबायोटिकचे थेंब सुरू केले. पहिले दोन दिवस दर तासाला एक थेंब, रात्रीसुद्धा. त्या दोन रात्री रूमपार्टनर अलार्म लावून दर तासाला उठली. सोमवारी तिचं सबमिशन होतं. "ऊठ की गं, औषध घालाय पाहिजे," हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

उरलेल्या थेंबांची ती बाटली मॅडमना दाखवली, तर त्यात स्टिरॉइड निघालं. जंतुसंसर्ग असताना स्टिरॉइड घातलं की लाली उतरते, दुखणंही कमी होतं, पण आत जंतू मोकाट सुटतात. लाल डोळ्याला मनाने थेंब घालू नयेत, ते याचसाठी.

घरी तिसऱ्या दिवशी कळवलं. लेन्स घेतल्याचंही घरी माहीत नव्हतं. बाबा रागावले नाहीत, नाशिकहून रात्रीची गाडी पकडून आले. ते जास्त लागलं.

लेन्स बसते कशावर?

बरी झाल्यावर मी मॅडमना विचारलं, "नंबर तर बरोबर होता, मग चुकलं काय?" त्या म्हणाल्या, "नंबर चष्म्याचा होता. आणि लेन्स काही चष्मा नव्हे."

आपण सगळे इंजिनिअर आहोत (किंवा होऊ, केटी सुटल्या तर), म्हणून थोडं गणित.

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलीमीटर लांब असते. लेन्स डोळ्यावरच असते. हे अंतर शून्य झालं की लागणारी ताकद बदलते. सूत्र सोपं आहे: चष्म्याच्या नंबराला (१ − अंतर × नंबर) याने भागायचं, अंतर मीटरमध्ये. माझा उणे ५.५० टाकून पाहा. छेद १.०६६ येतो आणि उत्तर उणे ५.१६. लेन्स पावच्या टप्प्याने मिळतात, म्हणजे मला उणे ५.२५ हवी होती. लहान नंबरला हा फरक नगण्य असतो. साधारण ४ च्या पुढे मात्र धरावाच लागतो.

दुसरी गोष्ट वक्रतेची. कॉर्निया म्हणजे डोळ्यापुढची पारदर्शक काच, शाळेच्या पुस्तकातलं 'पारपटल'. डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यातली ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाची. त्याच्या पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या सरासरी ७.८ मिलीमीटर धरतात, पण प्रत्येकाची वेगळी. केरॅटोमीटर नावाचं यंत्र ती मोजतं. ३३७.५ ला मिलीमीटरमधल्या त्रिज्येने भागलं की डायॉप्टर मिळतात. माझे आले ४१, म्हणजे त्रिज्या ८.२. माझा कॉर्निया सरासरीपेक्षा चपटा आहे. लेन्सच्या डबीवर 'बीसी' म्हणून जो आकडा असतो, तो लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता सांगतो. दुकानातली लेन्स ८.४ ची होती. माझ्यासाठी ती घट्ट.

आता घट्ट असून काय बिघडतं? कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक असतो. त्याला ऑक्सिजन मिळतो तो हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. पापणी मिटली की हा मार्ग बंद होतो आणि पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांवर कसंबसं भागतं. नीट बसलेली लेन्स पापणी मिटताना किंचित सरकते, तेवढ्यात खालचे अश्रू बदलतात आणि कचरा निघून जातो. घट्ट लेन्स सरकतच नाही. अश्रू तिथेच कोंडतात आणि मेलेल्या पेशी, जंतू सगळं कॉर्नियाला चिकटून बसतं. त्यात मी लेन्स घालून झोपले. झोपेत लेन्स ठेवली की जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट ही की घट्ट लेन्स सुरुवातीला सगळ्यात आरामदायक वाटते. हलत नाही, म्हणून जाणवत नाही. सैल लेन्स पापणीला घासते, टोचते, म्हणून माणूस लगेच तक्रार करतो. घट्ट लेन्सची तक्रार डोळा संध्याकाळी करतो आणि आपण म्हणतो, सवय होईल. म्हणजे 'आरामदायक वाटते' हा लेन्स नीट बसल्याचा पुरावा नाही. हा लेख लिहिण्याचं खरं कारण हे एक वाक्य आहे.

दोन तास खुर्चीत

बरं झाल्यावर तीन महिने लेन्सचं नाव काढायचं नाही, असा हुकूम होता. तो पाळून मी परत गेले. खरं सांगायचं तर घाबरत गेले. या वेळी दहा मिनिटांचं काम दोन तास चाललं.

आधी प्रश्न. लेन्स रोज हवी की कधीतरी? किती तास? सर्दी-शिंका, डोळ्यांची खाज? हॉस्टेलला पाणी कुठलं? मग चष्म्याचा नंबर नव्याने काढला. पापणी उलटी करून आतून पाहिली. अश्रूंचा थर पापणी न मिटता किती सेकंद टिकतो ते मोजलं. दहाच्या खाली आला तर डोळा कोरडा समजतात. माझा बारा आला, काठावर पास! मग कॉर्नियाची वक्रता, व्यास आणि संगणकावर त्याचा रंगीत नकाशा.

त्या नकाशाची एक गोष्ट इथेच सांगते. या वर्षी मेकॅनिकलचा एक ज्युनिअर माझ्या सांगण्यावरून माप द्यायला गेला. त्याचा नंबर सारखा वाढायचा आणि डोळे चोळायची भारी सवय. नकाशात कॉर्निया खालच्या बाजूने शंकूसारखा फुगायला लागलेला दिसला. याला केरॅटोकोनस म्हणतात आणि तो बहुधा याच वयात वाढतो. लवकर कळलं तर जीवनसत्त्व ब-२ चे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया कडक करता येतो आणि बहुतेकांचं वाढणं थांबतं. दुकानात त्याला फक्त वाढीव नंबराची लेन्स मिळाली असती.

तर परत खुर्चीत. मला वाटलं, वक्रता कळली म्हणजे आता कोष्टकातून लेन्स काढतील. मॅडम हसल्या. "आकडा फक्त सुरुवात. निकाल डोळ्यावर लागतो." कारण सॉफ्ट लेन्स कॉर्नियापेक्षा मोठी असते. कॉर्निया साडेअकरा-बारा मिलीमीटर, लेन्स साधारण चौदा. ती कडेला पांढऱ्या भागावर टेकते. त्यामुळे नुसत्या वक्रतेवर भागत नाही, व्यास आणि एकूण खोलीही आली. म्हणून ट्रायल लेन्स घालून पाहायची.

पहिली त्यांनी मुद्दाम ८.४ चीच घातली, मला दाखवायला. वीस मिनिटं बाहेर बसवलं, कारण लेन्स स्थिरावायला वेळ लागतो. मग स्लिट लॅम्पखाली पापणी मिटायला लावली आणि ते दृश्य मला स्क्रीनवर दाखवलं. लेन्स ढिम्म! कडेच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्याखाली दाबल्या गेल्या होत्या. नंतर ८.८ ची घातली, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी प्रत्येक पापणीबरोबर लेन्स जेमतेम अर्धा मिलीमीटर वर सरकायची आणि परत जागेवर यायची. मॅडमनी खालच्या पापणीने तिला हळूच वर ढकललं, ती अलगद खाली घसरली. पहिली हटूनच बसली होती. लेन्स कॉर्नियाच्या मध्यावर आहे का आणि सगळ्या बाजूंनी त्याला झाकते का, तेही पाहिलं. मग लेन्स घातलेली असतानाच पुन्हा अक्षरं वाचायला लावून नंबर पक्का केला.

डाव्या डोळ्याचं काम वेगळं. सिलिंड्रिकल नंबर म्हणजे कॉर्निया बॉलसारखा सारखा गोल नसून रग्बीच्या चेंडूसारखा एका दिशेने जास्त वाकलेला. साधी मऊ लेन्स त्यावर तशीच लपेटते आणि दोष तसाच राहतो. म्हणून माझा ३ चा ८ होत होता. याला टोरिक लेन्स लागते. ती डोळ्यात गोल फिरून चालत नाही, म्हणून तिला खालून जड ठेवलेलं असतं आणि कडेला एक बारीक खूण असते. माझ्या डोळ्यात ती खूण दहा अंश फिरून थांबत होती. तितकाच अक्ष बदलून लेन्स मागवली. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत, झिरो एरर काढली!

शेवटी लेन्स घालणं-काढणं. तीनदा स्वतः काढून दाखवल्याशिवाय मला लेन्स घरी नेऊ दिली नाही. आणि एका आठवड्याने परत बोलावलं, तेही लेन्स चार-पाच तास घालून. नवी कोरी लेन्स सगळ्यांचीच चांगली दिसते, दिवसभर घातल्यावर काय होतं ते पाहायचं असतं.

सायकलचा डायनॅमो

मॅडमनी सांगितलेली आणि मी नंतर लायब्ररीत वाचलेली एक गोष्ट आपल्या ब्रांचच्या लोकांसाठी. १८८८ मध्ये आडोल्फ फिक यांनी काचेच्या लेन्सचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या जड होत्या, जास्त वेळ घालणं अशक्यच. मऊ लेन्स आली ती चेकोस्लोव्हाकियातून. ओटो विख्तेर्ले या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरच्या घरी मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र बनवलं. साचा गरगर फिरवायचा आणि त्यात द्रव घट्ट होऊ द्यायचा, की लेन्स तयार. १९७१ मध्ये अमेरिकेत मऊ लेन्सला मंजुरी मिळाली आणि १९९९ च्या सुमारास जास्त ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या.

यंत्रामुळे लेन्स स्वस्त झाली, हजारोंनी तयार व्हायला लागली. डोळे मात्र अजून एकेकच तयार होतात. गोंधळ इथेच आहे.

हॉस्टेलकरांसाठी खास

माप बरोबर असलं तरी खालच्या गोष्टी पाळाव्या लागतात.

• लेन्सला पाणी दाखवायचं नाही. नळाचं नाही, टाकीचं नाही, फिल्टरचंही नाही. पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, त्याचा संसर्ग महिनोन्महिने छळतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात घरी मिठाचं पाणी करून लेन्स धुणाऱ्यांना तो झाला होता. अंघोळ आधी, लेन्स नंतर.

• हात साबणाने धुवून कोरडे करा. मेसमध्ये ठेचा असेल त्या दिवशी दोनदा धुवा. अनुभवाचे बोल!

• लेन्स बोटावर ठेवून आडवी पाहा. वाटीसारखी दिसली तर सुलट, बशीसारखी कडा बाहेर पसरली तर उलटी.

• काढल्यावर तळहातावर सोल्यूशन घालून हलकेच चोळायची. डबीतलं सोल्यूशन रोज नवं, जुन्यात भर घालायची नाही. डबी तीन महिन्यांनी फेकायची.

• झोपताना काढायची. दुपारच्या डुलकीलासुद्धा. आणि चष्मा कायम जवळ ठेवायचा.

• गॅदरिंगच्या रंगीत लेन्स बिननंबरी असल्या तरी त्यांनाही माप लागतं. एकच जोडी चार मैत्रिणींनी घालणं म्हणजे चौघींनी एका टूथब्रशने दात घासणं.

• वेल्डिंगच्या ठिणगीने लेन्स डोळ्याला वितळून चिकटते, ही अफवा आहे. पण लेन्स म्हणजे गॉगल नव्हे. वर्कशॉपमध्ये गॉगल घालायचाच.

• लेन्स डोळ्यामागे जाऊन मेंदूपर्यंत पोचत नाही. तिथे जायला वाटच नाही.

• डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसलं, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्स फेकू नका, डबीसकट बरोबर न्या, तपासणीला उपयोगी पडते.

जाता जाता

मी आज लेन्स घालते, दिवसाला आठ-नऊ तास. दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचता येते. उजव्या कॉर्नियावर पिनेच्या डोक्याएवढा एक डाग राहिलाय, तो कुणाला दिसत नाही. दर सहा महिन्यांनी मिरजेला गेले की मॅडम स्लिट लॅम्पमधून आधी तोच पाहतात आणि म्हणतात, "आहे तिथेच आहे." मग मी श्वास सोडते.

या वर्षीचं गॅदरिंग जवळ आलंय. आमच्या विंगमधल्या तिघी परवा लेन्स आणायला बाजारात निघाल्या होत्या. रूमपार्टनर दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "ब्लाउज शिवायचा तर टेलरकडे तीनदा माप द्यायला जाताय, आणि डोळ्याला माप नको व्हय?"

तिघी मिरजेच्या रिक्षात बसल्या. मला हे सगळं सांगायला दोन हजार शब्द लागले, तिचं एका वाक्यात झालं. कोल्हापूरची ना!